जनुक तोडल्यावर काय कळते आणि काय कळत नाही: वनस्पतींतील जनुकसंपादन व पीकपैदास

पर्णमित्र (धागाकर्ता)

क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्रावरील बहुतेक लेखन वैद्यकाच्या अंगाने जाते आणि वनस्पतींचा विषय शेवटच्या परिच्छेदात ‘शेतीतही उपयोग होतो’ एवढ्यावर आटोपतो. या तंत्राने वनस्पतिशास्त्रात घडवलेला मोठा बदल मात्र नवे वाण बाजारात येण्याच्या कितीतरी आधी झाला. ‘अमुक जनुक काय करते’ हा प्रश्न वनस्पतीला विचारण्याची रीतच त्याने बदलली. या धाग्यात त्या रीतीविषयी आणि तिच्या मर्यादांविषयी चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

तंत्र थोडक्यात सांगतो. कॅस-नाइन हे प्रथिन सुमारे २० अक्षरांच्या गाइड आरएनएच्या आधाराने डीएनएवरील जुळणारी जागा शोधते. त्या जागेला लागूनच ‘एनजीजी’ असा तीन अक्षरांचा क्रम असावा लागतो आणि त्याच्या तीन अक्षरे अलीकडे डीएनएच्या दोन्ही साखळ्या कापल्या जातात. पेशी ही टोके घाईने जोडते. त्या घाईत एखाददुसरे अक्षर गळते किंवा जास्तीचे बसते आणि ही बेरीज-वजाबाकी तीनच्या पटीत नसेल तर पुढचे सारे वाचन सरकून प्रथिन बहुधा अर्धवट राहते. जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंतिए यांच्या गटांनी २०१२ मध्ये परीक्षानळीत हे दाखवले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१३ मध्ये, भात, गहू, अरॅबिडॉप्सिस (मोहरीच्या कुळातील, प्रयोगांसाठी वापरले जाणारे लहान रोप) आणि निकोटिआना बेन्थामिआना (तंबाखूचे नातेवाईक) या वनस्पतींत ते चालते, असे सांगणारे तीन स्वतंत्र निबंध एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले.

त्याआधी जनुक बंद पाडून पाहण्याचे मार्ग नव्हते असे नाही. अरॅबिडॉप्सिसमध्ये अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जिवाणूच्या साह्याने टी-डीएनएचा, म्हणजे हा जिवाणू वनस्पतीच्या पेशीत सोडतो त्या डीएनएचा, तुकडा जनुकसंचात कोठेही शिरवायचा, तो कोठे शिरला ते नोंदवायचे आणि अशा हजारो रोपांच्या बियांचा संग्रह करायचा, ही पद्धत रूढ होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संग्रहात सुमारे ८८,००० शिरकावांच्या नेमक्या जागा नोंदवलेल्या होत्या आणि त्यांत २१,७०० जनुके आली होती. तरीही तुकडा कोठे बसेल हे नशिबावर असल्यामुळे लहान जनुके निसटत, आणि एका जनुकासाठी मागवलेल्या रोपात आणखी कोठे काय बिघडले आहे, याची खात्री देता येत नसे. या शेवटच्या दोषाची किंमत किती मोठी असू शकते, हे एबीपी-१ या जनुकाच्या कहाणीवरून कळते, म्हणून ती जरा सविस्तर मांडतो.

ऑक्सिन या संप्रेरकाला चिकटणारे प्रथिन म्हणून एबीपी-१ अनेक दशके प्रसिद्ध होते आणि ते ऑक्सिनचे ग्राहक, म्हणजे त्याचा संदेश टिपणारे प्रथिन, असावे, असा समज दृढ होत गेला होता. २००१ मध्ये टी-डीएनएने हे जनुक मोडलेल्या अरॅबिडॉप्सिसचा गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेतच मरतो, असे प्रसिद्ध झाले. ज्याच्याविना गर्भच जगत नाही ते जनुक महत्त्वाचेच असणार, हे उघड वाटत होते. त्यामुळे पुढची सुमारे चौदा वर्षे या निष्कर्षावर बरेच सैद्धांतिक इमले उभे राहिले. २०१५ मध्ये क्रिस्परने याच जनुकातील पाच अक्षरे उडवून ते निकामी केले गेले, आणि ती रोपे निरोगी रोपांहून ओळखूही येईनात. एक नवे टी-डीएनए रोपही तसेच निघाले. मग जुन्या रोपाची कसून तपासणी झाली तेव्हा उलगडा झाला, की टी-डीएनए शिरताना शेजारच्या बीएसएम या जनुकाचीही मोडतोड झाली होती आणि गर्भ मरत होता तो त्या शेजाऱ्यामुळे. अभ्यासात वापरले जाणारे दुसरे एक सौम्य उत्परिवर्ती रोपही इतर अनेक बदल बाळगून असल्याचे त्याच वर्षी उघड झाले.

कहाणी येथे संपत नाही, आणि मला तिचा हा उत्तरार्ध अधिक रोचक वाटतो. २०२२ मध्ये एबीपी-१ हे पेशीच्या पृष्ठभागावरील टीएमके या प्रथिनाबरोबर ऑक्सिनला अत्यंत जलद प्रतिसाद देण्याच्या कामात असते, असे दाखवणारा निबंध आला. म्हणजे ‘याच्याविना गर्भ मरतो’ हे विधान टिकले नाही, तसेच ‘रोप निरोगी दिसते, त्याअर्थी जनुक निरुपयोगी’ हे विधानही टिकले नाही. प्रयोगशाळेच्या उबेत, भरपूर पाणी व प्रकाश मिळत असताना रोपाला ज्याची उणीव भासत नाही, त्याची उणीव वेगळ्या परिस्थितीत किंवा अधिक बारीक मोजमापात दिसू शकते.

माझे म्हणणे एवढेच, की जनुक कापणे आता सोपे झाले आहे आणि कापल्यानंतर रोप वाचणे पूर्वीइतकेच अवघड राहिले आहे. पैदासकाराला उपयोगी पडणारी माहिती या दुसऱ्या भागातून येते. सदस्यांनी आपले अनुभव व आक्षेप जरूर मांडावेत.

शोधयात्री

उत्तम धागा. एबीपी-१ चे उदाहरण विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगावे असे आहे.

दोन शंका आहेत. संपादित रोपांच्या पहिल्या पिढीत एकाच रोपाच्या वेगवेगळ्या पानांत वेगवेगळे बदल आढळतात, असे वाचले आहे. मग निष्कर्ष कोणत्या पिढीत काढावा? आणि एकाच कुळातील जनुके एकमेकांचे काम उचलत असतील, तर एक जनुक मोडून काहीच दिसले नाही याचा अर्थ काय लावावा?

पर्णमित्र

पहिल्या शंकेचे उत्तर पिकावर व रोप घडवण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. भातात संपादन कॅलसच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या गोळ्याच्या, पेशीत होते आणि रोप बहुधा एकाच संपादित पेशीपासून वाढते, त्यामुळे पहिल्याच पिढीत दोन्ही प्रती बदललेली रोपे बऱ्यापैकी मिळतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये कळ्या जिवाणूच्या द्रावणात बुडवून बी घेतात. तेथे कॅस-नाइन पहिल्या पिढीच्या रोपात वाढीच्या ओघात जागोजागी काम करत राहते आणि रोप ठिगळाठिगळांचे बनते. अंडपेशीत चालू होणारा प्रमोटर, म्हणजे जनुक कोठे व केव्हा चालू व्हावे हे ठरवणारा डीएनएचा भाग, कॅस-नाइनला जोडल्यास हा त्रास कमी होतो. काहीही असले तरी निष्कर्ष काढावा तो पुढच्या पिढीत, आणि शक्यतो अशा रोपांत ज्यांच्यातून संपादनासाठी घातलेले कॅस-नाइनचे जनुक गळून गेले आहे. ते एकाच जागी बसले असेल तर स्वपरागीकरणानंतर सुमारे एक चतुर्थांश रोपे त्याच्याविना मिळतात. कॅस-नाइन शिल्लक असेपर्यंत नवे बदल होतच राहू शकतात आणि आज नोंदवलेला क्रम उद्याच्या रोपाचा असेलच असे नाही.

किमान दोन वेगवेगळ्या गाइडनी केलेली स्वतंत्र उत्परिवर्तने घ्यावीत, आणि मूळ जनुक परत घातल्यावर लक्षण नाहीसे होते का, तेही पाहावे. ही शिस्त क्रिस्परच्या आधीची आहे, पण काम सोपे झाल्यामुळे तीच आधी सोडली जाते. आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. डीएनएचा क्रम पाहून वाचन सरकले असे वाटले, तरी पेशी कधी तो बिघडलेला भाग वगळून आरएनए जोडते, तर कधी पुढच्या एखाद्या प्रारंभचिन्हापासून प्रथिन बनवते, आणि जे जनुक आपण मृत धरून चालतो ते अर्धेमुर्धे काम करत असते. म्हणून आरएनए आणि शक्य असल्यास प्रथिनही तपासलेले बरे.

दुसऱ्या शंकेसाठी टोमॅटोतील सीएलव्ही-३ चे उदाहरण पाहावे. हे जनुक शेंड्याकडील मूळपेशींच्या संख्येला लगाम घालते. ते मोडले की त्याचे नातेवाईक सीएलई-९ अधिक जोमाने व्यक्त होते आणि काही प्रमाणात उणीव भरून काढते. दोन्ही मोडल्यावर शेंडा बेसुमार फुगतो. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील झॅकरी लिपमन यांच्या गटाने हे २०१९ मध्ये दाखवले. अरॅबिडॉप्सिसमध्ये हाच आधार याच रीतीने मिळत नाही, म्हणजे एका वनस्पतीतील निष्कर्ष दुसऱ्या वनस्पतीला जसाच्या तसा लावता येत नाही. एकाच वेळी अनेक गाइड देऊन कुळातील सगळी जनुके मोडता येणे, हा मला क्रिस्परचा सर्वांत मोठा व्यावहारिक लाभ वाटतो. जुन्या पद्धतीत यासाठी संकरांच्या कित्येक पिढ्या लागत, आणि दोन जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारी असतील तर ते जवळजवळ अशक्यच असे.

तिफण

मी पैदासीच्या बाजूने बोलतो. वरील चर्चा जनुकाचे काम ओळखण्याविषयी आहे आणि ती मान्य आहे, परंतु ‘काम कळले, आता वाण करू’ ही उडी फार मोठी आहे आणि ती अनेकदा निष्काळजीपणे मारली जाते.

भाताचेच पाहा. जीएन-१ए हे जनुक सायटोकायनिन या संप्रेरकाचे विघटन करणारे प्रथिन बनवते. ते मोडले की लोंबीतील दाण्यांची संख्या वाढते. जीएस-३ मोडले की दाणा मोठा होतो, डीईपी-१ मध्ये बदल केला की लोंबी दाट व ताठ होते. २०१६ मध्ये एका चिनी गटाने ही तिन्ही जनुके व चौथे आयपीए-१ एकाच वाणात क्रिस्परने संपादित करून हे परिणाम पडताळले. त्यात काही रोपे बुटकी, तर काही लांब कुसळांची निघाली. आयपीए-१ मध्ये नेमका कोठे बदल झाला यावर फुटवे वाढले की घटले हे ठरले. एकाच जनुकातील दोन बदल दोन विरुद्ध दिशांना नेत असतील, तर ‘अमुक जनुक उत्पादन वाढवते’ असे सरसकट म्हणण्याला अर्थ राहत नाही.

शिवाय लोंबीत दाणे वाढले म्हणजे हेक्टरी उत्पादन वाढले असे होत नाही. दाणे वाढले की भरणीसाठी लागणारा अन्नपुरवठा तेवढाच राहिल्यास दाणा पोचट राहतो, आणि फुटवे वाढले की लोंब्या आखूड होतात. कुंडीतील रोपाला चहूबाजूंनी प्रकाश मिळतो. शेतात त्याला शेजाऱ्यांशी झगडावे लागते. अनेक ठिकाणी व अनेक हंगामांत घेतलेल्या चाचण्यांना पर्याय नाही, आणि त्या चाचण्यांना लागणारा काळ संपादनाने एका दिवसानेही कमी होत नाही.

पार्श्वभूमीचा, म्हणजे वाणातील इतर जनुकांचा, प्रश्न तर त्याहून मोठा आहे. टोमॅटोत देठावर सांधा न होऊ देणारी जे-२ ही जनुकाची बदललेली आवृत्ती गालापागोस बेटांवरील रानटी टोमॅटोतून आली. सांधा नसल्यामुळे फळ यंत्राने तोडताना देठाचा भाग त्याला चिकटून राहत नाही, म्हणून प्रक्रियेच्या टोमॅटोसाठी ती मोलाची ठरली. पण काही वाणांत ती आणली की फुलोऱ्याला अतोनात फाटे फुटत आणि फळधारणा घटे. २०१७ मध्ये लिपमन यांच्याच गटाने याचे कारण शोधले. त्या वाणांत ईजे-२ हे दुसरे एक उत्परिवर्तन फार पूर्वी, लागवडीखाली येण्याच्या काळापासून निवडले गेले होते, आणि एकेकटे निरुपद्रवी असणारे हे दोन बदल एकत्र आले की घात करत. अर्थात त्याच अभ्यासात या जनुकांची मात्रा नेमकी साधून, म्हणजे काही प्रती बदललेल्या आणि काही मूळ ठेवून, फाटे थोडेसेच वाढवून उत्पादन सुधारता येते, हेही दिसले. संपादनाचा खरा उपयोग मला येथे दिसतो. चांगल्या वाणात थेट बदल करता येतो, रानटी नातेवाइकाचा नको असलेला डीएनए सोबत ओढला जात नाही आणि तो झाडण्यासाठी प्रतिसंकरांच्या, म्हणजे चांगल्या वाणाशी पुन्हापुन्हा केलेल्या संकरांच्या, सात-आठ पिढ्या घालवाव्या लागत नाहीत.

निरीक्षक

तिफण यांच्या मुद्द्याला पूरक अशी दोन उदाहरणे देतो. दोन्हींत जनुक निव्वळ मोडणे पुरेसे ठरले नाही.

पहिले भुरी रोगाचे. बार्लीत एमएलओ हे जनुक निकामी झाल्यास भुरीला टिकाऊ प्रतिकार मिळतो, हे १९४० च्या दशकात क्ष-किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनातून लक्षात आले होते. गव्हात मात्र प्रत्येक जनुकाचे ए, बी, डी असे तीन संच असल्यामुळे नैसर्गिकरीत्या तिन्ही प्रती मोडलेले रोप मिळण्याची शक्यता नगण्य होती. २०१४ मध्ये टॅलेन या क्रिस्परपूर्वीच्या संपादनसाधनाने तिन्ही प्रती एकदम मोडल्या गेल्या आणि गहू भुरीला दाद देईना. पण अशा रोपांची पाने लवकर पिवळी पडत आणि वाढ खुंटे. २०२२ मध्ये त्याच रोपांपैकी एका वंशावळीत प्रतिकार होता, पण वाढीचा तोटा नव्हता, असे प्रसिद्ध झाले. शोध घेता तिच्यात बी संचावर सुमारे तीन लाख चार हजार अक्षरांचा तुकडा गळाला होता आणि त्यामुळे शेजारचे टीएमटी-३ हे जनुक चालू झाले होते. तेच वाढीचा तोटा भरून काढत होते. पर्णमित्र यांच्या एबीपी-१ मध्ये शेजारच्या जनुकातील अनवधानाचा बदल घोटाळा करणारा ठरला. येथे तसाच बदल उपकारक ठरला, आणि दोन्ही ठिकाणी तो कळला तो रोप पुन्हा तपासल्यामुळे.

दुसरे उदाहरण भातावरील जिवाणूजन्य करप्याचे आहे. मला ते या क्षेत्रातील सर्वांत देखणे काम वाटते. झँथोमोनास हा जिवाणू पेशीत काही प्रथिने सोडतो. ती भाताच्या स्वीट-११, स्वीट-१३ व स्वीट-१४ या जनुकांच्या प्रमोटरवर ठरावीक क्रमाला चिकटतात आणि जनुक चालू करतात. ही जनुके शर्करा पेशीबाहेर सोडणारी प्रथिने बनवतात, म्हणजे जिवाणू भाताकडूनच स्वतःसाठी अन्न वाढून घेतो. स्वीट-११ सरळ मोडावे तर दाणा भरण्यात बिघाड होतो, कारण भाताला ते जनुक स्वतःलाही हवे असते. म्हणून प्रथिन तसेच ठेवून प्रमोटरवरील केवळ जिवाणूच्या बैठकीची जागा बदलली. २०१९ मध्ये तिन्ही प्रमोटर असे बदललेला भात प्रसिद्ध झाला, आणि जिवाणूच्या अनेक जातींना तो दाद देत नव्हता. येथे रोगाच्या यंत्रणेचा आधी वर्षानुवर्षे झालेला अभ्यास नसता, तर कोठे कापायचे हेच कळले नसते. निसर्गातही एक्सए-१३ हा प्रतिकार स्वीट-११ च्या प्रमोटरमधील बदलातूनच आला आहे.

जिवाणू नवे प्रथिन घडवून हा अडथळा ओलांडू शकतो, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. त्याच्या भात्यात किती प्रथिने आहेत यावर नजर ठेवणे, हा या कामाचाच भाग आहे.

नवांकुर

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही, त्यामुळे प्रश्न साधा आहे. चुकीच्या जागी कापले गेले तर काय? आणि परकीय जनुक घातलेल्या पिकांपेक्षा ही पिके कायद्याने वेगळी का मानली जातात?

तिफण

प्रश्न रास्त आहे. गाइडशी मिळताजुळता क्रम जनुकसंचात अन्यत्र असेल तर तेथेही काप बसू शकतो. म्हणून संपूर्ण जनुकसंच तपासून एकमेव अशी जागा निवडतात आणि तयार रोपांचेही वाचन करतात. २०१८ मध्ये भाताच्या अनेक संपादित रोपांचे संपूर्ण वाचन झाले तेव्हा आढळलेले बहुतेक बदल कॅस-नाइनमुळे झालेले नव्हते. ते ऊतिसंवर्धनातून आलेले होते. मात्र सर्व साधने सारखी नाहीत. डीएनएच्या दोन्ही साखळ्या न कापता सी या अक्षराचे टी करणाऱ्या बेस एडिटर या साधनामुळे भाताच्या जनुकसंचात इतस्ततः बदल होतात, असे २०१९ मध्ये आढळले, आणि ए चे जी करणाऱ्या साधनात तसे आढळले नाही. ‘संपादन अचूक असते’ हे वाक्य म्हणूनच साधनाचे नाव घेतल्याशिवाय उच्चारू नये.

तुलना कशाशी करायची, हेही पाहावे लागते. १९२८ पासून क्ष-किरणांनी व पुढे गॅमा किरणांनी आणि रसायनांनी उत्परिवर्तने घडवून निवडलेले ३,००० हून अधिक वाण अधिकृत नोंदीत आहेत. त्यांत बदल अगणित होत असतात आणि पैदासकार नको ते प्रतिसंकरातून झाडून टाकतो.

कायद्याबाबत एकवाक्यता नाही. अर्जेंटिनाने २०१५ मध्येच परकीय डीएनए न उरलेल्या पिकांसाठी वेगळी वाट काढली. युरोपीय न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये संपादित पिके जनुकांतरित पिकांच्याच नियमांत बसवली. जपानमध्ये गाबा हे द्रव्य अधिक असणारा टोमॅटो २०२१ मध्ये विक्रीस आला. त्यात एका विकरावरील नैसर्गिक लगामाचा भाग कापलेला आहे. भारताने २०२२ मध्ये परकीय डीएनए नसलेल्या संपादित पिकांना कठोर नियमांतून सूट दिली आणि २०२५ मध्ये दोन संपादित भातवाण जाहीर झाले. त्यांतील एकात वर उल्लेखलेले जीएन-१ए हेच जनुक आहे. शेवटच्या रोपात परकीय डीएनए नाही आणि असाच बदल निसर्गातही होऊ शकतो, हा युक्तिवाद सूट देणाऱ्या देशांनी स्वीकारला. तो मला पटतो, पण त्यामुळे रोपाची तपासणी टळते असे मला वाटत नाही.

शोधयात्री

एका अडचणीचा उल्लेख अजून झाला नाही. बहुतेक पिकांत कापण्याआधीच गाडी अडते, कारण कॅस-नाइन पोहोचलेल्या पेशीपासून पूर्ण रोप वाढवता येत नाही. प्रयोगशाळेत सहज वाढणारे वाण एक आणि शेतकऱ्याला हवे असणारे दुसरेच, ही जुनी व्यथा आहे. २०१६ मध्ये मक्यात बेबी बूम व वुशेल-२ या विकास-जनुकांच्या साह्याने पूर्वी दाद न देणारे वाणही रोपे देऊ लागले, आणि २०२० मध्ये गव्हात जीआरएफ-४ व जीआयएफ-१ यांच्या जोडप्रथिनाने तसेच साधले. संपादनाच्या बातम्यांत या कामाला मिळते त्यापेक्षा बरेच श्रेय त्याला द्यायला हवे.

माझा शेवटचा प्रश्न कंदाने किंवा खुंटाने वाढणाऱ्या पिकांविषयी आहे. बटाट्यात संकर केला की वाणच बदलतो. मग तेथे कॅस-नाइन बाहेर कसे काढायचे?

पर्णमित्र

तेथे जनुक घालायचेच नाही, हा एक मार्ग. तयार कॅस-नाइन प्रथिन व गाइड आरएनए यांची जोडी थेट पेशीत सोडायची. ती काप करते आणि थोड्याच काळात नष्ट होते. पेशीभित्ती काढलेल्या पेशींत, म्हणजे प्रोटोप्लास्टमध्ये, हे २०१५ मध्ये करून दाखवले गेले आणि लेट्यूसमध्ये त्यांपासून पूर्ण रोपेही वाढवली गेली. २०१८ मध्ये बटाट्यात याच रीतीने अमायलोज (स्टार्चचा एक घटक) बनवणाऱ्या जीबीएसएस जनुकाच्या चारही प्रती मोडून जवळजवळ अमायलोजरहित स्टार्च असणारी रोपे मिळाली.

अडचण अशी, की प्रोटोप्लास्टपासून वाढवलेल्या बटाट्याच्या रोपांत गुणसूत्रांचे मोठे तुकडे कमी-अधिक झालेले आढळतात, आणि संकर करता येत नसल्यामुळे ते झाडूनही टाकता येत नाहीत. म्हणून अशा पिकांत बरीच रोपे तयार करायची, प्रत्येकाची गुणसूत्रे तपासायची आणि शाबूत असतील तेवढीच लागवडीच्या चाचणीत न्यायची, अशी पद्धत ठेवावी लागते. केळीच्या ‘बी’ नावाच्या जनुकसंचात दडलेल्या स्ट्रीक विषाणूचे क्रम २०१९ मध्ये संपादनाने निकामी केले गेले, तेव्हा मात्र जुनाच अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा मार्ग वापरला गेला आणि कॅस-नाइन त्या रोपांत शिल्लक राहिले. विषाणू पुन्हा जागा होतो की नाही हे पाहण्यासाठी तेवढे पुरले, परंतु वाण म्हणून पुढे नेण्यासाठी ते काम दुसऱ्या वाटेने पुन्हा करणे आवश्यक आहे.